सायकलच्या पट्ट्यावर सोयाबीन

बाईनं सायकलचं दुकान चालवावं की नाही, यावर आमच्या गावात कधी सभा भरली नाही. सायकल रस्त्याच्या कुठल्या भागातून चालवावी, यावर मात्र तीन भरल्या. त्यातल्या पहिल्या सभेत मी चुकीचं बोलले. दिवाळी अंकवाल्यांनी दुकानाविषयी लिहायला सांगितलं आहे, ते लिहितेच. पण ती चूकही लिहिते. नाहीतर कुणीतरी अंक वाचून गावभर सांगत फिरेल, आक्कानं तेवढं बरोबर गाळलं म्हणून.

मी चौथी शिकले. पाचवी दुसऱ्या गावात होती, तिथवर जायला सायकल नव्हती, आणि असती तरी मला कुणी दिली नसती. दुकान मुळात मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. त्यांचे गुडघे गेले आणि उकिडवं बसून चाक काढणं जमेना, तेव्हा मी खाली बसले आणि ते खुर्चीवर बसले. अजून तसंच चालू आहे. काम मी करते, सल्ला ते देतात. सास्तूर-माकणीच्या बाजूला आमचं गाव. भूकंपानंतर नव्या जागी बसलेलं, त्यामुळं गल्ल्या सरळ आणि दुकान बरोबर फाट्यावर.

ज्यांनी कधी पंक्चर काढलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भोक सापडणं सोपं असतं. ट्यूबमध्ये हवा भरायची, पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे आले की तिथं भोक. पुसायचं, कानशीनं घासायचं, सोल्युशन लावायचं, ते सुकेपर्यंत दम धरायचा, मग वर तुकडा दाबायचा. नवीन माणूस हा दम धरत नाही, म्हणून त्याचा तुकडा निघतो. पण खरं काम पुढंच आहे. काटा ट्यूबमध्ये नसतो, टायरमध्ये बसलेला असतो. टायरच्या आतून सगळीकडं बोटं फिरवून तो शोधायचा. राहिला तर गिऱ्हाईक ओढ्यापर्यंत जातं आणि शिव्या देत चालत परत येतं. इतकी वर्षं टोचून घेऊन माझी बोटं अशी झाली आहेत की रेशनच्या मशीनला ती ओळखूच येत नाहीत. मालकांचं बोट लावून धान्य आणावं लागतं, आणि ते त्याचाही मोठेपणा सांगतात.

काटा बघितला की गिऱ्हाईक कुठून आलं ते मला सांगता येतं. बाभळीचा काटा लांब, सरळ आत जातो, एकच भोक पाडतो. असलं चाक शेताच्या वाटेवरून आलेलं. सराटा बारका असतो, पण त्याला चारी बाजूंनी टोकं. कसाही पडला तरी एक टोक वर राहतं. तो रस्त्याच्या कडेच्या मातीत उगवतो आणि एका चाकात सहा-सात मिळून शिरतात. सराट्याचं चाक आलं की ओळखायचं, याला कुठल्यातरी मोटारीनं कडेला उतरवलं.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. दगडूमामा म्हणून एक म्हातारे होते. दुधाच्या कळशा दोन्ही बाजूंना लावून सायकल घेऊन यायचे, पण हाताने ढकलत. त्यांना सायकलवर बसताच येत नव्हतं. महिन्यातून एकदा यायचे आणि ब्रेक घट्ट करून मागायचे.

मी एकदा म्हणाले, "मामा, बसता येत न्हाय तर ब्रेक कशाला?"

"उतारावर ती मला वढत नेती की!" मामा म्हणाले. "एकदा वढ्यात घेऊन गेली. दूध तिनंच पिलं."

दुसरा एक जावईबापू होता. लग्नात मिळालेल्या सायकलच्या सीटवरचं प्लास्टिक त्यानं कधी काढलं नाही. त्याची मुलगी शाळेत जायला लागली तरी प्लास्टिक होतंच. पावसात त्याखाली पाणी साचायचं आणि तो बसला की आवाज यायचा. काढू का विचारलं तर म्हणायचा, "राहू द्या आक्का, नवीन हाय."

मोटारसायकली आल्या आणि असली गिऱ्हाइकं गेली. दुकान बंद करायच्या बेतात होते, तेवढ्यात हायस्कूलच्या मुलींना सरकारी सायकली मिळाल्या. टेम्पो भरून आल्या, सगळ्या एका रंगाच्या, आणि जोडणाऱ्यानं नट नुसते फिरवून ठेवलेले. दोन दिवस मी पाने घेऊन नट आवळत होते. आपली सायकल ओळखू यावी म्हणून मुलींनी हँडलला काहीबाही बांधलं, कुणी रिबीन, कुणी जुन्या साडीचा काठ. हायस्कूल चार-पाच किलोमीटरवर, पुढच्या गावात. रोज सकाळी नऊला हवा भरायला दुकानापुढं ही गर्दी. कालवा इतका की मालकांचा सल्ला कुणाला ऐकू जायचा नाही. मला ती वेळ फार आवडायची.

मग रस्ता नवा झाला.

जुना रस्ता खड्ड्यांचा होता. आम्ही त्याला भरपूर नावं ठेवली. पण खड्ड्यांमुळं कुणाला जोरात जाता येत नव्हतं, हे कळायला रस्ता चांगला व्हावा लागला. डांबर पडलं, रुंदी वाढली, आणि जीपवाले, टेम्पोवाले सुसाट सुटले. डांबराची कड वीतभर उंच, कडेची माती खाली, साईडपट्टी भरायची अजून बाकी. ज्ञानोबाची अंजली नववीत होती. मागून हॉर्न ऐकून बिचकली, कडेवरून चाक खाली गेलं, पोरगी पडली आणि मनगट मोडलं. टेम्पो थांबलाही नाही.

त्यानंतर बाकीच्या बापांनी कुरकुर सुरू केली. रस्त्याचे इंजिनिअर साहेब तरुण होते, चांगले होते. त्यांनी सरपंचबाईंना सांगितलं, साईडपट्टी नुसती मुरुमानं भरण्याऐवजी एका बाजूनं पक्की करून देतो, दोन सायकली शेजारून जातील एवढी. मध्ये पांढरी रेघ. पलीकडं मोटारी, अलीकडं मुली. त्यासाठी गावाचा ठराव पाहिजे आणि एक अट, पट्ट्यावर काही ठेवायचं नाही. कडबा नाही, शेण नाही, वाळवण नाही.

ठरावासाठी मारुतीपुढं सभा भरली. आमच्या सरपंच बाई आहेत, पण सभेत त्यांचे यजमान बोलतात आणि बाई वही धरून बसतात. यजमान बोलत होते तेवढ्यात ज्ञानोबा उठला. ज्याच्या पोरीचं मनगट मोडलं, तोच.

"सोयाबीन कुठं वाळवायचं?" तो म्हणाला. "सांगा की साहेब. तुमच्या हापिसात आणू?"

बाहेरच्या वाचकांना हे समजायचं नाही. आमच्याकडं सुगीत धान्य वाळवायला डांबरासारखी जागा नाही. खाली तापतं, वरून तापतं, माती लागत नाही. खळी कधीच मोडली, रस्ता हेच खळं. नवा रुंद रस्ता बघून इंजिनिअरला गाड्या दिसल्या असतील, शेतकऱ्याला वाळवण दिसलं.

साहेब म्हणाले, "अहो, तुमच्याच मुलीसाठी करतोय मी हे."

"पोरगी माझी हाय, सोयाबीनबी माझंच हाय!"

हशा झाला. मग यजमानांनी माझ्याकडं बघितलं. "आक्का, सायकलीतलं तुमाला कळतंय. तुमी सांगा."

मला सभेत कुणी काही विचारलेलं ही पहिलीच वेळ. मी पदर सावरून उभी राहिले आणि धंद्यातलं ज्ञान सांगितलं. म्हणाले, "मोटारीची चाकं मधला रस्ता झाडून काढतात आणि घाण कडेला फेकतात. सराटे कडेला, काचा कडेला, खिळे कडेला. कडेचा पट्टा म्हणजे काट्याचा पट्टा. तिथून पोरी गेल्या तर रोज पंक्चर. पट्टा काय कामाचा न्हाय."

बोललेलं सगळं खरं होतं. लोकांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "बगा, म्हातारी स्वतःच्या पोटावर पाय देऊन बोलालीय, म्हंजी खरंच असंल." ठराव बारगळला. साहेब फाईल मिटून गेले. घरी येऊन मी मालकांना दोनदा सांगितलं की साहेबांपुढं मी अजिबात अडखळले नाही.

सोमवारी सकाळी नऊला पंप बाहेर ठेवला. दोनच मुली आल्या. मंगळवारी एकही नाही.

अंजली आली ती बुधवारी, चालत, गळ्यात हात अडकवलेला. दुकानात बसली आणि घमेल्यातल्या पाण्यात बोट फिरवत राहिली.

"प्लास्टर कधी काढणार?" मी विचारलं.

"काढून काय करायचंय? बाबा म्हणले, आक्काच म्हणल्या पट्टा कामाचा न्हाय. मग रस्त्यावरनं जायचं न्हाय, अन् शाळाबी न्हाय. रिबीनवाल्या दोघींच्या घरीबी असंच म्हणलालेत."

"मी शाळा नको असं कुठं म्हणाले?"

"पट्टा नको म्हणलाव न्हवं," अंजली म्हणाली. "पट्ट्याबिगर बाबा सोडतेत का?"

मालक खुर्चीवरून म्हणाले, "मी तवाच सांगणार हुतो."

"मग सांगायचं हुतं!" मी म्हणाले. एरवी नको तिथं बोलणारा माणूस नेमका त्याच दिवशी गप्प बसला.

मी रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी हाताला काम लागेना. एक पंक्चर काढलं आणि टायरमध्ये काटा तसाच राहिला. गिऱ्हाईक ओढ्यापर्यंत जाऊन परत आलं. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानोबाला चार शब्द सुनवायला म्हणून निघाले. तो रस्त्याच्या कडेलाच सापडला. पन्नास पावलं लांब सोयाबीन पसरलं होतं. गाड्यांनी अंगावर येऊ नये म्हणून भोवती बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. त्याची बायको कुसुम पुढची जागा झाडत होती, आणखी पसरायला. शिंदीच्या पात्यांचा झाडू, कमरेत वाकलेली, अंगणसुद्धा कुणी इतकं झाडत नाही.

"कुसुम, रस्ता कशाला एवढा चकचकीत करतीस?"

"आक्का, एक सराटा जरी मालात गेला तरी आडत्या मूठ उघडून तोंडासमोर धरतोय," ती म्हणाली. "म्या सराटा ठिवतच न्हाय."

मी खाली बसले. टायरच्या आतून फिरवते तशी झाडलेल्या डांबरावरून बोटं फिरवली. काही लागलं नाही. मग दोन पावलं पलीकडं, न झाडलेल्या भागावर फिरवली. लगेच दोन सराटे टोचले.

ज्ञानोबा म्हणाला, "आक्का, काय सांडलं का?"

"अक्कल," मी म्हणाले. "आत्ता सापडली."

माझं धंद्यातलं ज्ञान खरं होतं, पण अर्धं होतं. कडेला काटे येतात हे मला माहीत होतं. ते कोण काढतं, हे मी कधी बघितलं नव्हतं, कारण झाडलेल्या जागेवरून आलेलं चाक माझ्याकडं येतच नाही. ज्या लोकांना पट्टा नको होता, तेच लोक पट्टा झाडणार होते. आणि वेळेचंही भांडण नव्हतं. सकाळी दव असतं, दहाच्या आत कुणी धान्य पसरत नाही. मुली साडेनऊला जातात. संध्याकाळी दव पडायच्या आत धान्य गोळा करावंच लागतं. मुली साडेपाचला येतात.

सरपंचबाईंच्या घरी गेले आणि परत सभा घ्या म्हणाले. यजमान म्हणाले, एकदा झालं की. बाई आतून म्हणाल्या, "घेऊ."

दुसऱ्या सभेत मी आधीच उभी राहिले. "मागल्या खेपेला मी चुकले," म्हणाले. आमच्या सभेत हे वाक्य आधी कुणी उच्चारलं नसावं, कारण मागं बसलेले ऐकायला पुढं सरकले. मग सगळं सांगितलं. पट्टा करायचा. दहाच्या आत आणि पाचच्या नंतर त्यावर एक दाणा दिसता कामा नये. मधल्या वेळेत ज्याला वाळवायचं त्यानं वाळवावं, पण पसरायच्या आधी झाडायचं आणि गोळा केल्यावर परत झाडायचं. कडेला बाभळीची फांदी टाकायची नाही, रिकामी पोती ठेवायची.

साहेबांनी डोक्याला हात लावला. "आजी, हे नियमात बसत नाही. धान्य वाळवायला परवानगी दिली असं मला लिहिता येणार नाही."

"लिहू नका. गावानं पट्टा झाडून स्वच्छ ठेवावा, एवढं लिहा. ते बसतं?"

"ते बसतं."

"बाकीचं तुम्ही ऐकलंच न्हाय."

साहेब हसले. "मी जरा चहा पिऊन येतो," म्हणाले आणि बाहेर जाऊन सभेकडं पाठ करून उभे राहिले.

ज्ञानोबा अजून अडून होता. "पाचला गोळा केलं तर पाच ते साडेपाचचं ऊन वाया जातंय."

"त्या वेळेला ऊन नसतं, ज्ञानोबा. नुसता तुझा हट्ट असतो."

"आन् रोज दोनदा झाडायचं कुणी?"

तेव्हा बायकांतून कुसुम उठली. ती सभेत कधी बोललेली नव्हती. "आजपर्यंत कुणी झाडलं?" तिनं नवऱ्याला विचारलं. "तुमी कवा झाडू धरला का? झाडणारी म्या. म्या झाडते म्हणलालीय, तर तुमचं काय दुखतंय?"

बायका इतक्या हसल्या की मारुतीच्या देवळातली कबुतरं उडाली. यजमान "शांतता, शांतता" म्हणायला उठले. सरपंचबाईंनी त्यांच्या हाताला धरून खाली बसवलं. "तुमी बसा. हात वर करा म्हणायचंय, तेवढं म्या म्हणते." आणि त्या म्हणाल्या. ज्ञानोबाचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, तोही खांद्याएवढाच. पण मोजला.

"आन् पट्टा होईस्तोवर?" मी विचारलं. "तवर पोरी घरी बसणार?"

सरपंचबाईंनी वही उघडून त्याचंही ठरवून लिहून टाकलं. पट्टा होईपर्यंत एका-एका बापानं मोटारसायकल घेऊन मुलींच्या मागं हळू जायचं, म्हणजे मागच्या गाडीला वेग कमी करावा लागतो. पहिला आठवडा ज्ञानोबाचा. सायकलींच्या मागं त्या चालीनं मोटारसायकल चालवणं म्हणजे तोल सांभाळायची कसरत. तो रोज दुकानापुढून जाताना माझ्याकडं रागानं बघायचा आणि मी रोज हवा पाहिजे का विचारायचे. प्लास्टर निघेपर्यंत अंजली बापाच्याच मागं बसून गेली आणि मैत्रिणींना मागून हाका मारत राहिली.

पट्टा व्हायला उन्हाळा उजाडला. पांढरी रेघ मारायला त्याहून उशीर, पुढची सुगी आली. रेघ मारणारी माणसं एका सकाळी आली, रेघ मारून न्याहारीला गेली. आमची माणसं नियमाची पक्की. दहा वाजले, पट्टा झाडला आणि सोयाबीन पसरलं, ते ओल्या रेघेपर्यंत! चारला गोळा करायला गेली तर रेघेवरचं सोयाबीन निघेना. तिसरी सभा त्या चिकटलेल्या दाण्यांची. ज्याचं सोयाबीन तो म्हणाला नुकसान झालं, रेघवाला म्हणाला माझी रेघ खराब झाली. साहेब बघायला आले. बूट घासून बघितला आणि म्हणाले, "घसरत नाही. राहू द्या." ती रेघ अजून खरखरीत आहे. रात्री चाक तिकडं गेलं तर हाताला कळतं, असं मुली सांगतात.

माझ्या धंद्याचं म्हणाल तर सराट्याचं पंक्चर आता क्वचित येतं. सकाळी हवा भरायची गर्दी मात्र परत आली, आणि यंदा पाचवी-सहावीच्या बारक्या पोरीही मोठ्या बहिणींच्या मागं सायकल शिकून येतात. सीटवर बसलं की पाय पुरत नाहीत, उभ्यानं पायडल मारतात. दहाला दहा मिनिटं कमी असताना ज्ञानोबा पोती घेऊन पट्ट्याच्या कडेला उभा असतो आणि मागं राहिलेल्यांवर ओरडतो, "उरका की गं! शाळा भरली तिकडं, ऊन वाया चाललंय इकडं!" पोरी मुद्दाम हळू जातात आणि घंटी वाजवतात.

गेल्या आठवड्यात तो दुकानात आला. खिशातून कागद काढला. साहेबांच्या नावानं अर्ज होता, अंजलीच्या अक्षरात. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूलाही असाच पक्का पट्टा करून मिळावा. कारण लिहिलं होतं, 'मुलींच्या शिक्षणासाठी'.

मी दोनदा वाचला. पलीकडच्या बाजूला दुपारी जास्त ऊन असतं.

"सगळ्यांच्या सह्या पायजेत म्हणली अंजली," तो म्हणाला. "आक्का, हसू नका."

"हसत न्हाय," मी म्हणाले आणि हात पुसले. "सही कुठं करू, ते दाखव."